छापेचं कडवं

मीनाबाई: एकाहत्तर साल हुतं गं ते. माझी थोरली पयल्या बाळंतपणाला आलती.

नजीरा: बाहत्तर. दुष्काळाचं साल. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची आणि तिची भाकरी तव्यावरच तुटायची. दिवाळीच्या सुट्टीत शाळा रिकामी होती म्हणून गाण्याचं शिबिर शाळेत भरलं. नऊ नोव्हेंबर ते अठरा नोव्हेंबर. तुमची लेक एकाहत्तरला आली असंल, शिबिर बाहत्तरलाच झालं.

मीनाबाई: बरं बाई, बाहत्तर. तुझ्याम्होरं साल काढायचं म्हंजे तलाठ्याम्होरं उतारा काढल्यागत हाय.

नजीरा: आता शहाऐंशी चाललंय. चौदा वर्सं हा उंबरा चढला न्हाईसा. आज साल मोजायला आलाय?

रशिदा: फुफू, आधी त्यांना बसू दे. मीनाबाई, तुम्ही खुर्चीवर बसा, ते स्टूल हलतंय. पाणी देऊ?

मीनाबाई: दे बाई. जिना चढला तर छाती भात्यागत वर-खाली व्हतीया. ही तुझ्या भावाची, लालासाबची रशिदा न्हवं? नाक बापाचंच घेतलंस की गं. शिकलीस व्हय?

रशिदा: शिकवते. महापालिकेच्या शाळेत. चौथीचा वर्ग आहे माझ्याकडं.

नजीरा: नाक बघायला आल्या न्हाईत त्या. काम सांगा मीनाबाई.

मीनाबाई: सांगती. उद्या सकाळी धाला माझं रेकॉर्डिंग हाय. क्यासेटचं. पुण्यास्नं एकजण आलाय. ‘भाकर तव्यावर’ परत गाऊन पायजे त्याला. जुन्या रेकॉर्डी झिजून गेल्या म्हणतो, आन् लोकं तर मागत्यात.

नजीरा: मग गावा की. चौदा वर्सं गाताय.

मीनाबाई: तीन कडवी गाती. चौथं मला येत न्हाय. ते तुझ्यापशी हाय.

नजीरा: रशिदा, दूध उतू जाईल बघ.

रशिदा: स्टो बंद आहे, फुफू.

मीनाबाई: त्या क्यासेटवाल्याला मी सांगितलं. म्हटलं, ह्या गाण्याला म्होरं अजून एक कडवं हाय, छापेचं. तो इचारतो, छाप म्हंजे काय? म्हटलं, बाबा, आमच्यात गाणं बांधणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतो. ताटाच्या बुडाला नाव कोरत्यात न्हाय का, तसं. ताट लग्नात कुणाच्याबी पंगतीला जाऊदे, पालथं केलं की कुणाचं हाय ते कळतंय. तो म्हणला, आणा की मग, क्यासेटवर जागा रग्गड हाय. नजीरा, लालासाबचं नाव परत येतंय गाण्यात. ह्यो एकच मोका हाय. माझा आवाज ऐकतीस न्हवं कसा झालाय? परत कोण बोलवतंय मला?

रशिदा: अब्बांचं नाव? गाण्यात?

नजीरा: ते नाव गाळलं कुणी, ते आधी सांगा. ह्या पोरीसमोर सांगा. ती दहा वर्सांची होती रेकॉर्ड निघाली तेव्हा. चहाच्या गाड्यावर बापाचं गाणं लागलं म्हणून धावत गेली, आणि परत येऊन मला म्हणती, फुफू, रेकॉर्डवर तुमच्या मीनाबाईचं नाव हाय, आणि दुसऱ्या ओळीत ‘पारंपरिक’ लिहिलंय, हे पारंपरिक कोण?

रशिदा: ते आठवतं मला. पण मुडशिंगीचं जास्त आठवतं.

नजीरा: ते कशाला काढतीस?

रशिदा: त्यांनाही कळू दे की. मीनाबाई, चौऱ्याहत्तर साली गडमुडशिंगीच्या जत्रेत अब्बांनी हे गाणं म्हटलं. मी पुढं पोत्यावर बसले होते. तीन कडव्यांपर्यंत सगळी जत्रा त्यांच्याबरोबर म्हणत होती. चौथं सुरू केलं, त्यात स्वतःचं नाव आलं, आणि मागून कुणीतरी ओरडलं, “ए, रेकॉर्डवरच्या गाण्याला स्वतःचं नाव चिकटवतोय! चोर!” मग सगळेच हसायला लागले. एकानं माईक काढून घेतला. अब्बा म्हणत राहिले, माझंच हाय वो, माझंच हाय. माईक नव्हता, त्यामुळं ते फक्त मला ऐकू आलं.

मीनाबाई: मला म्हाईत न्हवतं गं हे.

रशिदा: त्यानंतर ते गायले नाहीत. लोकांच्या पेट्या दुरुस्त करायचे. सूर लावून बघायचे, एकच सूर, आणि झाकण बंद. दुकानाला जाताना ज्या गाड्यावर ते गाणं लागलेलं असेल तो बोळ सोडून दुसऱ्या बोळातनं जायचे. एकोणऐंशीला छातीच्या दुखण्यानं गेले. ते कडवं मी त्या जत्रेत एकदाच ऐकलं, तेही त्या गोंधळात. मला फक्त नाव आठवतं. शब्द नाही.

नजीरा: ऐकलंसा? आता सांगा, मी गाणं लिहून दिलेल्या कागदाचा खालचा तुकडा कुणी फाडला?

मीनाबाई: सांगती. पर मला सुरवातीपासनं सांगू दे. तू मधी साल काढू नगंस.

रशिदा: सांगा. मला शिबिराचं कुणीच कधी सांगितलेलं नाही. ह्या घरात तो शब्द निघाला की फुफू उठून जाते.

मीनाबाई: अगं, मज्जा हुती. शहरातले गाणारे, गाणी बांधणारे, वाजवणारे, असं तीसेक जण हुतो. कलामंडळाच्या आण्णांनी भरवलं हुतं. त्यांचं म्हणणं, कोल्हापुरातला कलावंत कुणालाबी ऐकत न्हाय पर रेकॉर्डसमोर उभा केला की शेळी हुतो. म्हणून मुंबईस्नं धुपकर मास्तर आणलं. रेकॉर्डिंगमधी साजिंद्यांस्नी बसवायचं काम करायचं ते. हातात घड्याळ, टिचकी मारली की काटा पळायचा. काय बी गावा, तीन मिंटं वीस शेकंदात बसवा.

नजीरा: तीन मिनिटं पंचवीस. वीस नव्हं.

मीनाबाई: झालं हिचं सुरू! माईकपास्नं एक वीत लांब उभं ऱ्हा. बांगड्या काढा. मी म्हटलं, नवरा जिता हाय मास्तर, बांगड्या कशा काढू? तर त्यांनी हातरुमाल घेतला आन् माझ्या बांगड्या हातासकट करकचून बांधल्या. तसंच गायला लावलं मला. आन् इलाही क्लॅरिनेटवाला, बँडमधला! सवय सगळी वरातीची. त्यानं पयली फुंकर मारली आन् मास्तर म्हणले, तुम्ही जरा व्हरांड्यात जावा. तिथनंबी जास्त व्हायलंय म्हणले. शेवटाला तो शाळंच्या नळापाशी उभा राहून वाजवत हुता, आन् आत बरोब्बर येत हुतं!

नजीरा: आणि यल्लाप्पा.

मीनाबाई: यल्लाप्पा ढोलकीवाला, चंदगडकडचा. मास्तर म्हणले, मात्रा तोंडानं मोजा. ह्यो कानडीत मोजाय लागला. मास्तरांना एक अक्षर कळंना. पर घड्याळाबरोबर बसला तर तोच एकटा! तू हसलीस, नजीरा. मी बगितलं.

नजीरा: हसले न्हाय. खोकला आला.

मीनाबाई: आन् तुझा भाऊ. त्याला लिवता येत न्हाय. गाणी तोंडानं बांधायचा, आन् ही चौथी शिकलेली भण लिवून काढायची. शिबिरात आमी दोघी एकाच बाकावर बसायचो, रशिदा. ही मला मीना म्हणायची. तुमी-बिमी काय न्हवतं.

रशिदा: आणि हे गाणं?

मीनाबाई: म्हणून दावते थांब. जरा घसा…

“भोंगा झाला गं बया, भाकर तव्यावर राहिली,
सायकल गेली बोळाबाहेर, पाठ तेवढी पाहिली.”

हे त्यानं तिसऱ्या दिवशी म्हटलं. धुपकर मास्तर घड्याळ दाबायचं इसरलं. कुणाची भाकर, कुणाची सायकल, ते आमा कोल्हापूरवाल्यांस्नी ठावं हुतं.

रशिदा: मलाही ठाऊक आहे. फुफूचे मालक, माझे काका, मिलमध्ये होते. सकाळचा भोंगा झाला म्हणून न जेवता सायकलवर निघाले, आणि स्टेशनच्या वळणावर ट्रक आला. फुफू तेव्हा तेवीस वर्षांची होती.

नजीरा: बावीस.

मीनाबाई: भावानं भणीचं दुःख बांधलं आन् मला गायला दिलं. शेवटल्या दिवशी रेकॉर्डवाले येणार हुते, एकच गाणं निवडणार हुते. हेच निवडलं.

नजीरा: त्या दिवशी लालासाब नेसरीला होता. आदल्या दिवशी एका भजनी मंडळाची पेटी पोचवायला गेला होता. येताना एस.टी. बंद पडली.

मीनाबाई: व्हय. तिथंच सगळं बिनसलं. आता माझा गुन्हा ऐक. रेकॉर्डच्या साहेबानं कागद बगितला आन् मला इचारलं, कवीचं नाव कुठाय? कवी कोण? मी म्हणणार हुते, लालासाब. तेवढ्यात मागनं दुसरा म्हणला, कवी हजर नसंल तर त्याच्या सहीबिगर गाणं घेता येत न्हाय, दुसरं गाणं बगा, आमाला दुपारच्या गाडीनं जायाचंय. दुसरं गाणं म्हंजे दुसरी बाई. शालूबाई तयारच हुती, पदर खोचून.

रशिदा: मग?

मीनाबाई: मी म्हटलं, जुनं हाय साहेब. आजीकडनं आलेलं. कवी कोण कुणाला ठावं.

रशिदा: तुम्ही असं म्हणालात?

मीनाबाई: म्हटलं. ह्याच तोंडानं. मला वाटलं, रेकॉर्ड निघूदे, मग लालासाबला घेऊन जाईन, सांगीन. नंतर गेलेबी. तवा म्हणले, आता छापून झालं. तुझ्या बापानं माझ्या दारात येऊन शिव्या घातल्या, थुंकला. मी ऐकून घेतलं. माझं पाप हुतं म्हणून ऐकून घेतलं. पर नजीरा, कागद मी फाडला न्हाय.

नजीरा: मग कुणी फाडला? उंदरानं?

मीनाबाई: कुणीच न्हाय. ह्यो बग. चौदा वर्सं माझ्या ट्रंकेत हाय, लुगड्याच्या घडीत. मला वाचता येत न्हाय. तू जगभर म्हणत फिरलीस, मीनीनं कागद फाडला, मीनीनं छाप गाळली. मला वाटायचं, असंलबी फाटला, घाईगडबडीत माझ्याच हातनं. अक्षरं काळी, कागद पांढरा, एवढंच कळतंय मला. परवा क्यासेटवाल्याला दावला. त्यानं वाचला आन् मला म्हणला, बाई, हा तर अखंड हाय. रशिदा, तू मास्तरीण हाईस. तूच वाच.

नजीरा: रशिदा, ठेव तो कागद.

रशिदा: फुफू, हे तुझं अक्षर आहे. ‘भ’ला तू अजून अशीच गाठ मारतेस.

नजीरा: ठेव म्हणते ना.

रशिदा: चारी कडा सरळ आहेत. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. त्याखाली दोन रेघा आणि तारीख. सतरा अकरा बाहत्तर. त्याखाली चार बोटं कोरी जागा आहे. इथं कधी काही लिहिलेलंच नाही.

मीनाबाई: मी भांडायला आले न्हाय. मला नुसतं कळूदे.

रशिदा: फुफू, चौथं कडवं तू लिहिलंच नव्हतंस?

नजीरा: दोन रेघा मारल्यात की. रेघा मारल्या की गाणं संपलं, एवढं चौथीच्या पोरालाबी कळतं.

रशिदा: पण का?

नजीरा: आमच्या वडिलांनी, हुसेनसाबनी, गाणी बांधली. त्यातलं एक त्यांनी विश्वासानं एका फडाला लिहून दिलं, छापेसकट. पुढल्या वर्सी त्या फडानं तेच गाणं म्हटलं, शेवटच्या कडव्यात दुसऱ्याचं नाव. कागदावर नाव खोडायला काय लागतं? थुंकी लावली तरी पुसतं. तेव्हापासनं घराची रीत पडली. तीन कडवी कागदावर, छापेचं कडवं तोंडात. ज्याला द्यायचं त्याला समोर बसवून द्यायचं. मरताना त्यांनी आमच्या दोघांचे हात पेटीवर ठेवले आणि सांगितलं, छाप कागदावर चढवायची न्हाय. चोर कागदावर असतो.

मीनाबाई: लालासाबनं मला समोर बसवून द्यायचं कबूल केलं हुतं. शेवटल्या दिवशी देतो म्हणला हुता. नेसरीस्नं आल्यावर.

नजीरा: ते खरं. पण पुढचं तुला ठाऊक न्हाय, मीना.

रशिदा: पुढचं काय?

नजीरा: शिबिराच्या चौथ्या दिवशी मास्तरांनी फळ्यावर लिहिलं होतं. गाण्याच्या कागदावर कवीचं नाव, गाव, तारीख, सही. म्हणाले, कागदावर नाव न्हाय त्याला जगात नाव न्हाय. लालासाबनं घरी येऊन चार-पाच दिवस विचार केला. आणि सतरा तारखेला सकाळी, नेसरीला निघताना, मला म्हणाला, नजीरा, अब्बाजींची रीत मोडू या. जग बदललंय. छापेचं कडवं लिही, खाली माझं नाव घाल, अंगठा मी करून ठेवतो.

रशिदा: अब्बांनी स्वतः सांगितलं होतं?

नजीरा: अंगठा करायला शाई शोधत होता. शाईची बाटली मी लपवली.

मीनाबाई: अगं…

नजीरा: म्हटलं, तू जा, गाडी चुकंल, मी लिहिते. तो गेला. मी बसले लिहायला. तीन कडवी झाली. चौथ्याला हात उठंना. अब्बाजींचा हात दिसला, पेटीवरचा. मला वाटलं, मास्तर दहा दिवसांचा हाय, रीत बापाची हाय. दोन रेघा मारल्या. संध्याकाळी कागद मीनाच्या हातात दिला.

रशिदा: आणि रेकॉर्ड आल्यावर?

नजीरा: त्यानं विचारलं, लिहिलं होतंस न्हवं? मी म्हटलं, व्हय. म्हणाला, मग गेलं कुठं? मी म्हटलं, मीनानं फाडलं असंल. एवढंच बोलले. तेवढ्यानं भागलं. त्यानं परत विचारलं न्हाय. मुडशिंगीहून आला त्या दिवशी सांगणार होते. तो भिंतीकडं तोंड करून निजला होता. म्हटलं, उद्या सांगू. मग पाच वर्सं रोज उद्या सांगू. शेवटच्या दिवसांत मला म्हणाला, मीनाला बोलव, मला तिला माफ करायचंय. मी निरोप धाडलाच न्हाय.

मीनाबाई: मला माफ करायचं म्हणला?

नजीरा: व्हय.

मीनाबाई: आन् मी इकडं चौदा वर्सं ते गाणं म्हणताना तिसऱ्या कडव्यानंतर डोळं झाकून उभी ऱ्हायची. लोकं म्हणायची, बाई रंगली. अगं, रंगलीया कशाची? मला वाटायचं, आता तो मागनं म्हणल चौथं.

रशिदा: फुफू, त्यांचा पेला रिकामा झालाय, पाणी भरते. इकडं दे.

मीनाबाई: नजीरा, मी माझं सांगितलं, तू तुझं सांगितलंस. आता भांडायला कुणी उरलं न्हाय. कडवं दे. मला समोर बसव आन् दे. तुझ्या बापाची रीतच पाळ पायजे तर. उद्या धा वाजता माझा दम जेवढा हाय तेवढा त्यात घालते.

नजीरा: समोर बसलीस तर पाठ व्हायला चार दिवस लागतील तुला. तुझं डोकं पहिल्यापासनं जड. रशिदा, वही आण.

रशिदा: कागदावर घ्यायचं?

नजीरा: कागदावर. शाईनं. पेन्सिल नको. लिही:

“हुसेनसाबचा लालासाब सांगे, चूल विझली, सांज झाली,
खाणाऱ्यानं चव सांगितली, थापणारीण कुणी पाहिली?”

मीनाबाई: थापणारीण… तूच की गं ती.

नजीरा: म्हण. परत म्हण. ‘हुसेनसाबचा लालासाब’ एका दमात यायला पायजे. मध्ये श्वास घेऊ नको, नाव तुटतं. मास्तरांनी काय शिकवलं होतं? दम आधी पोटात भर.

मीनाबाई: पोटात जागा कुठाय, दम्यानं भरलंय सगळं. हुसेनसाबचा… लालासाब… थांब. परत.

नजीरा: परत.

रशिदा: खाली नाव लिहू का, फुफू? कवी म्हणून?

नजीरा: नाव, गाव, तारीख. सही तू कर. वारस हाईस.

(तीन वर्षांनंतर, एकोणनव्वद सालचा जानेवारी. तेच घर. रशिदा आणि नजीरा.)

रशिदा: हा फोटो ट्रंकेच्या मागं सापडला. शिबिराचा. काच फुटलीय, नवी बसवून आणते. त्याआधी मागच्या बाजूला नावं लिहून ठेवू. तू सांग.

नजीरा: मीच सारला होता मागं. मीना होती त्यात म्हणून. आण उजेडात. हे मधले खुर्चीवरचे, घड्याळवाले, ते धुपकर मास्तर. मुंबईत आता वाजवणाऱ्यांना कोण बोलवत न्हाय म्हणे, एकच यंत्र सगळं वाजवतं. एका शाळेत प्रार्थनेला पेटी वाजवतात. तीन मिनिटांत बसत असंल प्रार्थना.

रशिदा: आणि हे टोपीवाले आण्णा.

नजीरा: आण्णांना आता माणूस ओळखत न्हाय. सुनेलाबी म्हणतात, जरा माईकपासनं लांब उभ्या राहा. मंडळ केव्हाच मोडलं, नावाची फळी तेवढी लटकतीया. हा इलाही, बघ, फोटोतबी कडेला उभा केलाय त्याला. त्याचे पुढचे दात पडले. क्लॅरिनेट धरायला दातच लागतात. आता त्याच बँडच्या पुढं झांज घेऊन चालतो.

रशिदा: यल्लाप्पा?

नजीरा: चंदगडला. उजवं अंग गेलं वाऱ्यानं. काजूच्या झाडाखाली खाट टाकून बसवतात. डाव्या हाताची बोटं मांडीवर चालत असतात, म्हणत होता एस.टी.चा कंडक्टर. आणि ही पदर खोचलेली शालूबाई. तिच्या नवऱ्यानं तिच्या गाण्यांची वही बंबात घातली. त्या दिवसापासनं ती गुणगुणतसुद्धा न्हाय.

रशिदा: मीनाबाईंच्या नावाखाली काय लिहू?

नजीरा: मीना गेल्या श्रावणात गेली, अठ्ठ्याऐंशीला. मी जवळ होते. तिला दम लागला की मी पाठ चोळायची आणि ती म्हणायची, “हुसेनसाबचा लालासाब, बग, एका दमात.” लिही, मीनाबाई, गायिका. त्यापुढं लिही, कागद फाडला न्हाय.

रशिदा: फोटोच्या मागं?

नजीरा: लिही म्हणते न्हवं.

रशिदा: लिहिलं. कॅसेटच्या कव्हरवर मात्र पुन्हा ‘पारंपरिक’च आहे. कॅसेटवाला म्हणाला होता, कव्हरं आधीच छापून झालीत.

नजीरा: गाण्यात हाय न्हवं नाव. एका दमात घेतलं तिनं. त्यानंतर खोकली. त्यानं परत घेऊ या म्हटलं, तर म्हणाली, एवढाच दम होता, बाबा, संपला. खोकलाबी हाय क्यासेटवर. लोक म्हणतात, टेप खराब हाय, आणि तिथंच बटण दाबतात.

रशिदा: परवा शाळेत तेच झालं. गॅदरिंगसाठी एका मुलीनं हे गाणं म्हटलं. तिसऱ्या कडव्याला थांबली. मी म्हटलं, पुढचं? ती म्हणाली, पुढं न्हाय बाई, एवढंच हाय.

नजीरा: मग?

रशिदा: फळ्यावर लिहिलं. चौथं कडवं, नावासकट.

नजीरा: फळा पुसतात.

रशिदा: पुसायच्या आधी सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. त्या मुलीनं विचारलं, बाई, लालासाब कोण? सांगितलं, माझे वडील, पेट्या दुरुस्त करायचे. मग तिनं विचारलं, आमच्या घरच्या जुन्या रेकॉर्डवर हे कडवं का न्हाय?

नजीरा: तू काय सांगितलंस?

रशिदा: घंटा झाली.

नजीरा: घंटा झाली म्हणून गप्प बसलीस?

रशिदा: काय सांगणार होते, फुफू? लहान मुलं आहेत ती.

नजीरा: उद्या शाळा हाय न्हवं?

रशिदा: आहे.

नजीरा: मग उद्या सांग. लपवलेली शाई, मारलेल्या रेघा, सगळं सांग. आणि माझं नाव घालून सांग.